गप्प बसलेली सभा म्हणजे होकार नव्हे

महोदय,

नवी पद्धत, नवी रचना किंवा कामाचे फेरवाटप जाहीर करताना प्रमुख शेवटी विचारतात, ‘कुणाला काही शंका?’ कुणीच बोलत नाही आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ समजून सभा उठते. ही समजूत घातक आहे.

२७ जानेवारी १९८६च्या रात्री अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ अंतराळयानाच्या रॉकेटचे अभियंते थंडीत सांध्यातली रबरी कडी नीट बसणार नाही, असे बजावत होते. उड्डाण सुरक्षित असल्याचा पुरावा मागण्याऐवजी धोका सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली. अखेर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या चार वरिष्ठांनी आपापसांत होकार ठरवला, अभियंत्यांचे मत घेतले नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जणांचा बळी गेला. आपल्या कचेऱ्यांत प्राण पणाला लागत नाहीत, पण दबावाखाली प्रश्न उलटा फिरतो तो असाच.

म्हणून आक्षेप निर्णयाआधी मागावेत, आणि तेही लेखी. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली रीत सोपी आहे. ‘वर्ष उलटले, हा बदल पूर्ण फसला, का फसला?’ असा प्रश्न ठेवून प्रत्येकाला पाच-दहा मिनिटे गुपचूप लिहू द्यावे. मग एकेकाने एकच कारण वाचावे. त्यात माझी एक भर: वाचायला सुरुवात सर्वांत कनिष्ठाने करावी आणि प्रमुखाने शेवटी बोलावे. साहेब आधी बोलले की बाकीचे कागद आपोआप त्यांच्या बाजूला झुकतात. हा खटाटोप फुकट जातो तो पुढच्या टप्प्यावर: कारणे फळ्यावर राहतात आणि फळा पुसला जातो. प्रत्येक कारणापुढे मान्य की अमान्य, का, आणि कोण बघणार, हे त्याच दिवशी लिहून सगळ्यांना द्यावे. अमान्य झालेला आक्षेप माणूस पचवतो. उत्तरच न मिळालेला आक्षेप तो पुन्हा मांडत नाही.

सांगण्याचा क्रमही महत्त्वाचा. ज्यांचे काम जाणार आहे त्यांना सभेपूर्वी, एकट्याला, समोर बसवून आणि पहिल्या दोन मिनिटांत सांगावे. आधी दहा मिनिटे कौतुक केले, तर त्या कौतुकावरचाही विश्वास उडतो. पर्यवेक्षकांना एक दिवस आधी कल्पना द्यावी, कारण सभेनंतर लोक त्यांनाच गाठतात. ‘मलाही आत्ताच कळलं’ हे त्यांचे उत्तर अफवांना पुरेसे असते. सभेत काय ठरले, काय ठरलेले नाही आणि पुढची माहिती कोणत्या तारखेला, एवढे स्पष्ट सांगावे. त्या तारखेला नवे काही नसले तरी भेटावे. ‘कुणालाही काही फरक पडणार नाही’ हे वाक्य मात्र कधीच उच्चारू नये.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते कामाच्या बोजाकडे. जुनी आणि नवी पद्धत काही आठवडे शेजारी-शेजारी चालते आणि उद्दिष्ट मात्र तेवढेच राहते. मग लोक चोरून जुनीच वही उघडतात, आणि त्याला ‘बदलाला विरोध’ असे नाव मिळते. तो विरोध नसतो, वेळेचा हिशेब असतो. जुनी पद्धत बंद होण्याची तारीख पहिल्याच दिवशी सांगावी, तोवर उद्दिष्ट कमी करावे आणि कोणते अहवाल, कोणत्या बैठका या काळात थांबतील याची यादी प्रमुखाने स्वतःच्या सहीने काढावी. सही नसेल तर कुणीही काहीही थांबवत नाही.

– मनुष्यबळ प्रशिक्षण क्षेत्रातील एक वाचक