हॉल बुक करायच्या आधी दहा मिनिटं

संपादक साहेब, नमस्कार.

वसईतल्या ख्रिस्ती लग्नांच्या खर्चावर तुमच्याकडे येणारी पत्रं मी वाचतेय. खर्च कमी करा हे सगळ्यांनाच पटतं पण स्वतःच्या घरात लग्न निघालं की कुणालाच जमत नाही, आणि ते का जमत नाही त्यावर मला लिहायचंय कारण गेल्या वर्षी मुलाच्या लग्नात मी स्वतः त्यातून गेले.

हॉल, केटरर, बँड, दोन दिवसांची जेवणं असा हिशोब रात्री मांडायला बसलो तर लोनशिवाय भागणार नाही असा आकडा निघाला. तरी आमचे हे म्हणाले काढू लोन, ज्या नातेवाइकांनी आपल्याला त्यांच्याकडच्या लग्नांना बोलावलं होतं, त्यांना आता आपण कसं नाही बोलवायचं. मीही मान हलवली. झोप मात्र लागेना. तेव्हा खूप वर्षांपूर्वी रिट्रीटला, म्हणजे प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला, एका येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी शिकवलेलं आठवलं.

येशूसंघ स्थापन करणारे संत इग्नेशियस लोयोला आधी सैनिकी पेशातले होते. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला आणि कित्येक महिने अंथरुणात काढावे लागले. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं की दरबार, पराक्रम, मानमरातब यांची स्वप्नं बघताना मजा येते पण नंतर मन कोरडं पडतं, आणि संतांसारखं जगायचा विचार केला की नंतरही आनंद टिकून राहतो. त्यातूनच पुढे त्यांनी स्वतःला प्रश्न विचारायची पद्धत घालून दिली. (आपल्या मराठीचं एवढं कौतुक करणारे ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर स्टीफन्स याच संघाचे, म्हणजे हे काही आपल्याला परकं नाही.)

मोठा निर्णय असेल तर इग्नेशियस सांगतात, असं समजा की कधीही न पाहिलेला माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आलाय आणि त्याचं भलं व्हावं असं तुम्हाला मनापासून वाटतंय, त्याला काय सांगाल? दुसरा प्रश्न, मरणाच्या वेळी मागे वळून बघताना मी आज काय ठरवलेलं असावं असं मला वाटेल? पहिल्याच प्रश्नाला माझं उत्तर एका मिनिटात आलं. त्या अनोळखी माणसाला मी म्हटलं असतं, अहो कर्ज नका काढू, मुलाच्या संसाराची सुरुवात हप्त्यांनी नका करू. सकाळी ह्यांना हेच सांगितलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग स्वतःच यादी काढून नावं खोडायला बसले. काही नातेवाईक रुसले, अजूनही रुसलेत, त्याचं वाईट वाटतं. पण लोन नाही काढलं.

पण हे प्रश्न एकदम लग्नाच्या वेळी सुचत नाहीत, त्यासाठी रोजची सवय असावी लागते. इग्नेशियस सांगतात की एकच खोड धरा, दुपारी आणि रात्री दिवस तपासा, आणि जितक्यांदा चुकलात तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्या. मी या ईस्टरआधीच्या उपवासकाळात केलं. माझी खोड म्हणजे आईवर खेकसणं, ती ८० ची आहे, एकच गोष्ट तीनतीनदा विचारते आणि मी मोबाइलमधून डोकं न काढता सांगितलं ना म्हणते. ओटा पुसून झाला की दूधवाल्याच्या वहीत मागच्या पानावर रेघा मारल्या. सोमवारी सात ठिपके, मला रडूच आलं, कारण दोनतीनच असतील असं वाटलं होतं. शनिवारी तीन. वर्षानुवर्षं कन्फेशनला जाऊन मी आईवर चिडते असं सांगत आले, पण सात हा आकडा कधी दिसला नव्हता.

आपल्याकडे मुलांना धर्मशिक्षणात उत्तरं पाठ करून घेतात आणि ते हवंच, पण निर्णयाआधी स्वतःला काय विचारायचं ते कोणी शिकवत नाही. म्हणून सगळ्या धर्मग्रामांतल्या (पॅरिशमधल्या) फादरांना कळकळीची विनंती आहे की लग्नाआधीच्या कोर्समध्ये यासाठी एक तास ठेवा आणि त्या तासाला मुलामुलीबरोबर दोन्हीकडच्या आईवडिलांनाही बसवा, कारण खर्चाचा आकडा आम्हीच ठरवतो. आणि हा तास हॉल बुक व्हायच्या आधी घ्या, अॅडव्हान्स दिल्यावर नाही.

एक आई, वसई