भाकरी खाणाऱ्याचं पोट कोणत्या पट्टीने मोजणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत आतड्यातले जिवाणू आणि इन्सुलिन यांच्या नात्यावर आलेला लेख वाचला. हा विषय मराठीत, इतक्या सविस्तर आला याचं मनापासून समाधान वाटलं. मात्र लेखासोबत ‘वाईट जिवाणूं’ची एक चौकट होती आणि तिच्यात पहिलं नाव प्रिव्होटेला कोप्री या जिवाणूचं होतं. त्या एका नावासाठी हे पत्र.

मी बार्शीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे बहुतेक लोक बार्शी, माढा, परंडा या पट्ट्यातले, ज्वारीवर वाढलेले. अलीकडे त्यांच्यातले काही जण जाडजूड अहवाल घेऊन येऊ लागले आहेत. विष्ठेचा नमुना डबीत घालून कुरिअरने पाठवायचा, की काही आठवड्यांनी मोबाइलवर हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगातला निकाल येतो. बहुतेक वेळा पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने किंवा मुलीने वडिलांच्या शुगरच्या काळजीने किट मागवलेलं असतं. त्या काळजीला कोणी नावं ठेवू नयेत.

वैराग भागातले एक काका असाच अहवाल घेऊन आले. बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सकाळ-संध्याकाळ, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर (एचबीए१सी) सातच्या आसपास. अहवालात प्रिव्होटेला लाल, एशेरिशिया हा दुसरा जिवाणूही लाल आणि खाली ‘इन्सुलिन रेझिस्टन्सचा (म्हणजे शरीर इन्सुलिनला दाद न देण्याचा) धोका जास्त’ असा शेरा. सल्ला काय, तर धान्य बंद करा, पनीर आणि बदाम वाढवा, सोबत कंपनीच्याच कॅप्सूल घ्या. फोनवरच्या सल्लागाराने सांगितलं की कॅप्सूल सुरू असताना गोळीची गरज उरत नाही. काकांनी भाकरी सोडली आणि गोळीही सोडली. माझ्यासमोर बसले तेव्हा उपाशीपोटीची शुगर २३८ होती, पोट साफ होत नव्हतं, आणि काकू पदराने डोळे पुसत म्हणत होत्या, “मॅडम, घरची ज्वारी इकून हे डबे आणल्यात.”

जिवाणूंचा इन्सुलिनशी संबंध नाही, असं मला अजिबात म्हणायचं नाही. संबंध आहे आणि तो मोलाचा आहे. आपण खाल्लेल्या धान्या-डाळींतला जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जिवाणू तो आंबवतात. त्यातून ब्युटिरेट, प्रोपियोनेट, अ‍ॅसिटेट ही आम्लं तयार होतात. आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी ती ओळखतात आणि इन्सुलिन स्रवायला मदत करणारं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतात. सध्या वजन उतरवणाऱ्या ज्या इंजेक्शनांच्या बातम्या पेपरात येतात, ती याच संप्रेरकाची नक्कल करतात. उलट चोथाच मिळाला नाही तर काही जिवाणू आतड्याचा श्लेष्मल (बुळबुळीत संरक्षक) थरच खाऊ लागतात, जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात, अंगात मंद दाह राहतो आणि स्नायू व यकृत इन्सुलिनला नीट दाद देईनासे होतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०१२ साली सडपातळ माणसांच्या विष्ठेतले जिवाणू लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सोडले, तेव्हा सहा आठवड्यांत त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागलं. त्याच गटाच्या २०१७ सालच्या प्रयोगात मात्र अठराव्या आठवड्यापर्यंत तो फायदा ओसरला होता. ही दुसरी गोष्ट कॅप्सूलच्या डब्यावर कधीच लिहिलेली नसते.

आता प्रिव्होटेला कोप्रीकडे येते. (काही अहवालांत याचंच सेगाटेला कोप्री असं नवं नाव असतं.) त्याला वाईट ठरवणारं संशोधन मुख्यतः डेन्मार्कचं, २०१६ सालचं. मधुमेह नसलेल्या २७७ डॅनिश लोकांत हा जिवाणू, रक्तातली काही अमिनो आम्लं आणि इन्सुलिनला न जुमानणं या तिन्हींची सांगड दिसली. उंदरांना तो पाजल्यावर त्यांच्यातही तसंच झालं, पण त्या उंदरांना चरबीचं खाद्य दिलं जात होतं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, खाडीपलीकडच्या स्वीडनमध्ये, संशोधकांनी ३९ निरोगी लोकांना तीन दिवस जवाच्या अख्ख्या दाण्यांचा पाव खाऊ घातला होता. ज्यांची साखर त्या पावाने चांगली सावरली, त्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला जास्त होता. तो उंदरांना दिल्यावर त्यांचीही साखर सुधारली, यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वाढला. जिवाणू तोच, पण एका ठिकाणी आरोपी आणि दुसऱ्या ठिकाणी मदतनीस. समोर चोथा आला की तूप-लोणी, यावर त्याचं वागणं ठरत असावं, असं या दोन प्रयोगांवरून मला वाटतं. शिवाय २०१९ साली हेही दाखवलं गेलं की कोप्री म्हणून आपण ज्याला ओळखतो ते एक कुळ नसून चार वेगवेगळी कुळं आहेत, आणि पाश्चात्त्य राहणीपासून दूर असलेल्या लोकांत ती एकत्र नांदताना दिसतात.

आपल्या देशाचं काय? २०१९ साली भोपाळ आणि केरळमधल्या ११० निरोगी लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी आणि धान्य खाणाऱ्या लोकांत प्रिव्होटेलाचंच प्राबल्य होतं. निरोगी लोकांत, हे पुन्हा सांगते. मग पिढ्यान् पिढ्या मालदांडी ज्वारी, हुलगे, मटकी आणि तुरीवर वाढलेल्या माणसाच्या आतड्यात तो सापडला, तर त्याला लाल रंग कोणत्या आधारावर द्यायचा? तो अहवाल खरं तर एवढंच सांगतो की हा माणूस डॅनिश नाही.

एशेरिशियाची गोष्ट तर आणखी साधी. २०१५ साली डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधल्या मधुमेहींचे नमुने पुन्हा तपासल्यावर लक्षात आलं की ‘मधुमेहाचे जिवाणू’ म्हणून जे बदल मोजले जात होते, त्यातले बरेचसे मेटफॉर्मिनमुळे झालेले होते. ही गोळी घेणाऱ्यांत एशेरिशिया वाढतो. म्हणजे काकांच्या अहवालातली दुसरी लाल ओळ त्यांच्या गोळीचीच खूण असण्याची शक्यता मोठी, आणि ती वाचून त्यांनी गोळीच बंद केली! गोळी कोणती चालू आहे, हा रकानासुद्धा त्या कंपनीच्या अर्जात नव्हता. पुण्यातल्या संशोधकांनी २०१७ साली भारतीय मधुमेहींच्या आतड्यांवर काम प्रसिद्ध केलं, तेव्हा नव्याने निदान झालेले आणि जुने रुग्ण असे वेगळे गट ठेवले होते. एवढी किमान काळजी पैसे घेऊन चाचणी करणाऱ्यांनी का घेऊ नये?

भाकरी हवी तेवढी खा, असं मी कोणालाच सांगत नाही. ज्वारीतही स्टार्च आहे, साखर वाढतेच. काकांना मी रात्री दोनाऐवजी एक भाकरी, सोबत वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, कच्चा कांदा-मुळा आणि पालेभाजी असं लावून दिलं. सकाळी दुधात कुस्करलेल्या बिस्किटांऐवजी सोलापूरकडची कडक भाकरी. शिजून गार झालेल्या स्टार्चचा काही भाग पचायला अवघड होतो आणि तो जिवाणूंच्या वाट्याला जातो, म्हणून शिळ्या भाकरीला नाक मुरडणाऱ्या सुनांना मी हे मुद्दाम सांगते. गोळी त्यांच्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली. साखर उतरते आहे, पण त्यात गोळीचा वाटा किती आणि उसळीचा किती, हे मी सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. एवढ्या लोकांच्या ताटाबद्दल आपला शब्द जातो. म्हणून माझी विनंती अशी की त्या चौकटीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत, तेवढ्याच ठळकपणे छापावी. यापुढे अशा संशोधनाची बातमी देताना ते कोणत्या देशातल्या, किती माणसांवर, किती आठवडे झालं आणि ती माणसं काय खात होती, हे लिहावं. वाचकांनीही अशी चाचणी करण्याआधी कंपनीला लेखी विचारावं: तुमचा ‘नॉर्मल’ कोणाच्या नमुन्यांवरून ठरवला आहे, आणि माझ्या चालू औषधांचा हिशेब त्यात धरला आहे का? उत्तर आलं नाही तर पैसे देऊ नयेत. आणि अहवाल काहीही सांगो, मधुमेहाची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये, ही ओळ कृपया मोठ्या अक्षरात छापा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ, बार्शी (जि. सोलापूर)
(रुग्णांची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)