घरचा कोंबडा कापल्यावर आई-बाबांना लिहिलेले पत्र

पाटण, आषाढ

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आई, आम्ही घरचे दोन कोंबडे कापले हे कळल्यावर तू फोनवर एकच प्रश्न विचारलास, की ज्या हातांनी पिल्लांना कण्या घातल्या त्याच हातांनी सुरी कशी धरवली. मी उत्तर देण्याआधीच बाबांनी फोन घेतला आणि रस्सा कसा झाला होता याची चौकशी सुरू केली, त्यामुळे तुझा प्रश्न तसाच राहिला. मला दोन्ही प्रश्नांची उत्तरे द्यायची आहेत, आणि ती घाईत देण्यासारखी नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे.

माघात शेजारच्या मावशींनी त्यांची खुडूक झालेली कोंबडी आणि गावरान अंडी दिली, आणि आम्ही ती रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसवली, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटली तेव्हा मी तुम्हाला फोटो पाठवले होते. त्या फोटोंत न दिसणारी गोष्ट अशी, की कोंबडीखाली निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. पहिले दोन महिने सगळी सारखीच दिसतात. मग काहींचे तुरे तांबडे होऊ लागतात, पाय जाड होतात आणि एके पहाटे घोगऱ्या आवाजात आरवण्याचा प्रयत्न ऐकू येतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, मोजक्या आणि कोंबडे जवळजवळ तितकेच. चौथा महिना सरता सरता ते एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करू लागले, आणि त्याहून वाईट म्हणजे प्रत्येक जण तलंगांच्या मागे लागल्यामुळे त्यांच्या पाठीवरची पिसे उपटून कातडी उघडी पडू लागली. तेव्हा प्रश्न कोंबडे मारायचे की नाहीत असा उरला नव्हता. ते कोणी, कुठे आणि कसे मारायचे एवढाच होता.

विकण्याचा विचार आम्ही केला. बाजारच्या दिवशी व्यापारी दारात येतो, गावरान कोंबड्याला भावही चांगला देतो, पण तो त्यांचे पाय बांधून मोटारसायकलच्या हँडलला उलटे लटकवतो आणि तसेच चार गावे फिरवून संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या हाती देतो. कापायचे तिथेही होतेच, फक्त मला ते पाहावे लागले नसते. आई, तू अंडे खातेस आणि कोंबडी खात नाहीस, त्याबद्दल मी कधी वाद घातला नाही आणि आताही घालणार नाही. मात्र अंड्यासाठी कोंबड्या पाळणाऱ्याच्या वाट्याला हे नर येतातच. अंड्यांच्या मोठ्या व्यवसायात तर अंडे न देणारी आणि मांसासाठीही लवकर न वाढणारी ही नर पिल्ले हॅचरीत पहिल्याच दिवशी वेगळी काढून मारली जातात. जर्मनीने ही पद्धत 2022 पासून कायद्याने बंद केली. आपल्याकडे तिची फारशी चर्चाही होत नाही. आमच्या कोंबड्यांनी निदान पाच महिने उकिरडा उकरला, पावसाचे किडे वेचले आणि दुपारी आंब्याखाली धुळीत अंग घुसळले. याने मारण्याचे काम पुण्याचे ठरते असे मी म्हणत नाही. मी घरचे अंडे खाणार असेन तर हे काम दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचे नाही, इतकेच मी ठरवले.

बाबा, तुमच्या लहानपणी जत्रेला मुलाणी घरोघर येत आणि सुगीला त्यांचे बलुते वेगळे काढून ठेवले जाई, हे तुम्ही अनेकदा सांगितले आहे. इथे आता बलुते राहिले नाही, पण मुलाणी चाचा आहेत आणि कोंबडे कापायला लोक अजून त्यांनाच बोलावतात. ते नसले तर बायका कोंबडा काखेत धरून रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या पोराला हाक मारतात. पिसे काढणे, साफ करणे, वाटण वाटणे, चूल फुंकणे हे सगळे बायकांनीच करायचे, आणि सुरीचा एक क्षण तेवढा पुरुषाचा, ही वाटणी मला पहिल्यापासून विचित्र वाटत आली आहे. मी चाचांना शिकवण्याची विनंती केली तेव्हा ते आधी हसले, मग म्हणाले की पहिला कोंबडा ते कापतील आणि मी नुसते बघायचे, दुसरा मी कापायचा. शिकवण्याआधी त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. सुरीला धार कोंबड्यासमोर लावायची नाही, आणि एकाच्या देखत दुसऱ्याला कापायचे नाही. म्हणून दुसरा कोंबडा घरामागे डालग्याखालीच राहिला.

आदल्या संध्याकाळी दोघांचे दाणे बंद केले होते आणि पाणी मात्र ठेवले होते. गळ्याजवळची दाण्यांची पिशवी आणि आतडी रिकामी असली म्हणजे साफ करताना घाण मांसाला लागत नाही. चांगले उजाडण्याआधीच त्यांना खुराड्यातून काढून डालले, कारण अंधारात कोंबडी धावत नाही, हातात शांत बसते. पाऊस असल्यामुळे गोठ्याच्या पत्र्याखाली सगळी मांडामांड केली. तेलाच्या डब्याचे तळ आणि तोंड कापून त्याचे नरसाळे आम्ही खांबाला ठोकले होते. त्यात कोंबडा उलटा सोडला की पंख अंगाशी दाबलेले राहतात, डोके खालून बाहेर येते, आणि उलटे धरल्यावर तो थोड्याच वेळात निपचित होतो. चाचांना हे नरसाळे आधी पोरखेळ वाटले, पण काम झाल्यावर त्यांनी तसलेच एक आपल्यासाठी करून मागितले आहे.

डाव्या हाताने डोके धरून, जबड्याच्या लगेच खाली, पिसे बाजूला सारून, सुरी एकदाच आणि न कचरता ओढायची असते. कचरण्यातच क्रूरपणा आहे, हे मला चाचांचा हात पाहून कळले. त्यांच्या हातात घाई नव्हती आणि अडखळणेही नव्हते. ते बिस्मिल्ला म्हणाले. मी काय म्हणू असे विचारले, तेव्हा तुझे तू म्हण, पण मनात म्हण आणि हात थांबवू नकोस, असे त्यांनी सांगितले. मी जे म्हटले ते माझ्यापाशीच राहू दे. रक्ताची धार लागते आणि काही क्षणांत शुद्ध जाते. त्यानंतर जी फडफड होते तिच्याने पाहणारा हबकतो, पण ती स्नायूंची असते, कोंबडा तेव्हा गेलेला असतो. मला हे आधी वाचून माहीत होते, तरी त्या वेळी माझे गुडघे कापत होते हे तुझ्यापासून कशाला लपवू? पण मी डोके सोडले नाही. दोन-तीन मिनिटांत सगळे रक्त निथळले आणि हातातले वजन बदलले. आई, तुझ्या प्रश्नाचे खरे उत्तर या दोन-तीन मिनिटांत आहे. दाणे घालणारा हात त्या वेळी जवळ होता, पकड ओळखीची होती, आणि कोंबडा शेवटपर्यंत घाबरून ओरडला नाही. परक्या हातात तो ओरडला असता.

त्यापुढचे काम थेट स्वयंपाकाकडे जाणारे आहे आणि त्यात मन आपोआप गुंतते. पाणी उकळते नको, बोट बुडवून धरता येणार नाही एवढेच कडक हवे, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. मिनिटभर बुडवून पंखातले मोठे पीस ओढून पाहायचे. ते सहज निघाले की भराभर सगळी काढायची. ओल्या पिसांचा वास मात्र कोणी कितीही वर्णन केला तरी आधी कळत नाही, आणि तो हातांवरून संध्याकाळपर्यंत जात नाही. उरलेली बारीक लव काडांच्या जाळावर धरून जाळली, हळद चोळली आणि पुन्हा जाळावरून फिरवले. मावशी म्हणतात की गावरानाची कातडी काढून टाकणाऱ्याने सरळ ब्रॉयलर आणावा.

शेपटीच्या बुडाची तेलाची गाठ कापून टाकली. गळ्याजवळची पिशवी आधी मोकळी केली, मग मागून आतड्याला सुरी न लावता कातडी गोल कापून हात आत घातला. आत इतकी ऊब असते याची मला कल्पना नव्हती. आतडी, काळीज आणि पेठा, म्हणजे दाणे दळणारी पोटातली जाड पिशवी, एकत्र बाहेर आले. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर सगळे मांस कडू होते, म्हणून ती काळजाच्या थोड्या तुकड्यासकट कापायची. पाठीच्या कण्याला लागून दोन पांढऱ्या, घेवड्याच्या दाण्यासारख्या गोळ्या होत्या. कोंबड्याचे वृषण पोटात असतात हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

तुमचा नातू कापण्याच्या वेळी घरात होता. त्याने यावे किंवा येऊ नये असे आम्ही काहीच सांगितले नाही. पिसे काढायला सुरुवात झाल्यावर तो स्वतःहून आला आणि पेठा चिरताना अगदी जवळ येऊन बसला. पेठ्यात बारीक खडे, ज्वारीचे अर्धवट दळलेले दाणे आणि गवत होते. कोंबडीला दात नसल्यामुळे ती खडे गिळून पोटातच दळण दळते, हे त्याने आतले पिवळे अस्तर सोलून काढत मलाच समजावून सांगितले. संध्याकाळी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी जेवला. आम्ही दोन्ही वेळा काही बोललो नाही. रक्त मिसळलेली राख लिंबाच्या बुंध्यात गेली आणि पिसे शेणाच्या खड्ड्यात दाबली, नाहीतर गावातली सगळी कुत्री अंगणात मुक्कामाला आली असती.

आता बाबांचा रस्सा. दीड किलोच्या कोंबड्याचे हाडांसकट जेमतेम किलोभर मांस झाले. दुकानातला ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोवर जातो हे आठवले की गावरानाचा भाव महाग वाटेनासा होतो. चाचांनी कापलेला कोंबडा त्याच दुपारी चुलीवर चढवला, मी कापलेला रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी. कापल्यानंतर काही तासांत मांस आखडते आणि नंतर हळूहळू पुन्हा सैल होते, म्हणून मला हा फरक चाखून पाहायचा होता. शिजवण्याची रीत दोन्ही वेळा एकच ठेवली. थोड्या तेलात कांदा, हळद, मीठ, आले-लसणाचे वाटण, त्यावर तुकडे परतून झाकण म्हणून ताट, आणि ताटात पाणी. आधी मांस आपल्याच पाण्यात शिजते, मग ताटातले गरम झालेले पाणी थोडे थोडे आत सोडायचे. पहिल्याला दोन तास लागले आणि मांडीचा तुकडा तरीही चिवट राहिला. दुसरा दीड तासात हाडापासून सुटला. गावात मात्र फ्रिजमध्ये ठेवलेल्या मांसाला कोणी ताजे मानत नाही, त्यामुळे माझा निष्कर्ष मावशींनी ऐकून घेतला आणि सोडून दिला.

मसाला घालण्याआधी अळणी, म्हणजे मांस शिजलेले बिनमसाल्याचे पाणी, काढली. हिरवळीवर आणि मक्यावर वाढलेल्या कोंबड्याची चरबी पिवळीधमक असते आणि त्या पाण्यावर तिचे गोल तरंगतात. कांदा, आले-लसूण आणि मीठ-हळदीपलीकडे त्यात काही नसते, तरी असे पाणी मी आजवर दुकानच्या कोंबडीचे प्यायलेले नाही. नंतर भाजलेले सुके खोबरे, कांदा, तीळ, खसखस, कोथिंबीर यांचे वाटण आणि कांदा-लसूण मसाला घालून रस्सा केला, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला. बाबा, चव तुमच्या वर्णनाच्या जवळ पोचली, पण रंग पोचला नाही. आमच्या गिरणीवरच्या मसाल्यात मिरची तिखट आहे, तांबडी नाही. चाचांच्या घरी एक डबा पाठवला, आणि चाचींनी तो रिकामा न पाठवता शिरखुर्मा भरून पाठवला.

माझ्या जेवणात यामुळे एक फरक पडला आहे. आठवड्यातून दोनदा कोंबडी आणण्याची शहरातली सवय मला आता धरवत नाही. वर्षातून जेवढे कोंबडे जास्तीचे होतील तेवढेच खावेत, असे आमचे दोघांचे ठरत आले आहे, आणि आजारी किंवा नुकतेच औषध दिलेला पक्षी कापायचा नाही हे तर ठरलेलेच आहे. मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) लस सगळ्यांना दिली आहे, तेव्हा त्याची काळजी करू नका.

श्रावण लागतो आहे, त्यामुळे उरलेल्या कोंबड्यांना गणपती होईपर्यंत सुट्टी आहे. त्यांतले दोघे आम्ही जाळी लावून वेगळे ठेवले आहेत. नवरात्राआधी तुम्ही दोघे आठ दिवस राहायला या. बाबांच्या दातांचा विचार करून अळणी आणि खिमा असे दोन्ही करता येईल. आई, तुझ्यासाठी तलंगांची पहिली अंडी तोवर सुरू झालेली असतील, आणि ज्या दिवशी कापायचे असेल त्या दिवशी तू सकाळी मावशींकडे जाऊन बसलीस तरी कोणी काही म्हणणार नाही. येताना तुझा घरचा मसाला किलोभर आण, आणि त्यात बेडगी किती व लवंगी किती घालतेस ते कागदावर लिहून आण. फोनवर सांगताना तू प्रत्येक वेळी वेगळे प्रमाण सांगतेस.

तुमची लेक