धबधब्यावर जाण्याआधी

महोदय,
पावसाळा लागला की धबधब्यांच्या याद्या सगळीकडे छापून येतात; ओढ्याचा रागरंग कसा ओळखायचा, हे मात्र क्वचितच. खाली ऊन असले तरी माथ्यावर सर कोसळली की ओढा काही मिनिटांत फुगतो. नितळ पाणी अचानक गढूळले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर सामान तिथेच टाकून बाजूच्या उंचवट्यावर चढावे. गुडघ्यापर्यंतचे वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडते. उतार पडेपर्यंत थांबावे, शेवटची लोकल चुकली तरी.

कर्जत तालुक्यातल्या खांडसहून भीमाशंकरला जाताना पावसात शिडी घाट टाळावा. गणेश घाट लांबचा, पण सोयीचा. शेकरू ही मोठी खार पाहायची तर नजर झाडांच्या शेंड्यांकडे हवी: काटक्यापानांचे गोलसर घरटे दिसले की शांतपणे थांबावे. (स्पीकरवर गाणी लावणाऱ्यांना ते दिसणार नाही, हा न्यायच.) ओढ्याकाठी माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू आली, तर ती बहुधा शीळकरी कस्तुर या पक्ष्याची. हिरवा चापडा हा विषारी साप झुडपात निश्चल बसतो. म्हणून आधाराला फांदी धरण्याआधी नीट पाहावे.

अंगाला जळू चिकटल्यास ती ओढू किंवा जाळू नये. तोंडाच्या बाजूने नख सरकवून सोडवावी. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर गोठत नाही. जखम धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी.

– एक डोंगरवेडा वाचक, मुलुंड