नाशिकरोडला आम्हाला उठवणाऱ्या टीसी मॅडमना

टीसी मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या काळ्या कोटावरच्या पट्टीवर तुमचं नाव मी वाचलं होतं, पण ते इथे घेत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय चारचौघांत नाव घेणं बरं नव्हे. गेल्या पावसाळ्यात परभणीहून ठाण्याला येणाऱ्या रात्रीच्या गाडीत, स्लीपरच्या डब्यात, खालच्या बर्थवरच्या एका म्हाताऱ्या बाईंना तुम्ही सकाळी येऊन विचारलं होतं, "मावशी, इन्सुलिनची वेळ झाली ना तुमची?" ती माझी आई. एवढ्यावरून तुम्ही नक्की ओळखाल. आईचं दवाखान्याचं सगळं मार्गी लागलं आहे, म्हणून आता निवांत बसून लिहिते आहे.

परभणी, नांदेड, जालन्याकडची जी माणसं पोटापाण्यासाठी ठाणे, कळवा, दिवा, ऐरोलीत येऊन राहिली, त्यांचा रात्रीच्या गाडीवर सगळा भरवसा असतो. संध्याकाळी गावाकडून बसायचं, रात्रभर झोपायचं, पहाटे ठाण्यात उतरायचं आणि आंघोळ करून दहाला कामावर हजर. त्यामुळे डबा बांधतात तो एका रात्रीचाच. आमच्याकडेही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली होती. आईचं इन्सुलिनचं पेन माझ्या पर्समध्ये होतं. सकाळचा डोस साडेसातचा, आणि साडेसातला आम्ही खारेगावात घरी नाश्त्याला बसलेलो असणार होतो.

रात्री तीन वाजून गेले होते. गाडी नाशिकरोडला उभी होती, वर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि सगळा डबा गाढ झोपलेला होता. तुम्ही हातात छोटी बॅटरी घेऊन एकेका कप्प्यापाशी थांबत होतात. तुम्ही जे बोललात ते मला जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "घाटात माती आली आहे. इगतपुरीच्या पुढे तीन लायनींपैकी एकच चालू आहे. आपल्या पुढे गाड्या अडकल्यात. आपली गाडी इथून थोड्या वेळाने सुटेल, पण पुढे एखाद्या लहान स्टेशनावर उभी करतील. किती वेळ, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सकाळ तिकडेच होणार असं धरून चाला. खायचं-प्यायचं, बाळाचं दूध, औषध, काय लागेल ते इथेच घ्या."

वरच्या बर्थवरून कुणीतरी खेकसलं, "अहो मॅडम, झोपू द्या की!" तुम्ही त्यांनाही पुन्हा तेच सगळं शांतपणे सांगितलंत आणि पुढच्या कप्प्याकडे गेलात. झोपलेल्या माणसाला उठवून वाईट बातमी द्यायची आणि वर त्याचं बोलणं ऐकून घ्यायचं, हे काम कुणी आपण होऊन अंगावर घेत नाही. गाडी निघून गेल्यावर अस्वलीच्या आसपास लोक आपोआप जागे झालेच असते आणि तुम्हाला कुणी काही विचारलंही नसतं. तुम्ही मात्र आमच्या हातात काही करण्यासारखं होतं तेव्हाच उठवलंत. आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी याचे.

नाशिकरोडला आमच्या हातात पुष्कळ काही होतं. फलाटावरचा स्टॉल उघडा होता, पाणी होतं, बाहेर रिक्षा होत्या आणि एसटीचं बसस्थानक तर स्टेशनाला लागूनच आहे. पुढे देवळाली, लहवित, अस्वली, पाडळी, घोटी आणि मग इगतपुरी. मी चपला सरकवून खाली पळाले. केळी, पाव, बिस्किटांचे पुडे, दोन बाटल्या पाणी आणि आमच्या थर्मासात गरम दूध, एवढं घेऊन वर आले. "कुणाला औषधाची वेळ आहे का?" असं तुम्ही विचारलं तेव्हा मी आईचं सांगितलं. तुम्ही खिशातून छोटी वही काढून बर्थ नंबर आणि "७.३० इन्सुलिन" असं लिहून घेतलंत. मला वाटलं, विचारलं हेच खूप झालं, पुढे एवढ्या गर्दीत कशाचं लक्षात राहतंय.

त्याच वेळी समोरच्या कप्प्यातला एक मुलगा रडकुंडीला आला होता. ऐरोलीत अकरा वाजता त्याची परीक्षा होती. तुम्ही त्याला सांगितलंत, "तू इथे उतर. पहाटेची बस पकड. रस्त्याचा घाटही पावसाचाच आहे, वेळेत पोचशील अशी खात्री मी देत नाही. पण इथून दुसरी वाट तरी आहे. पुढे अडकलास तर तीही नाही." तो सॅक घेऊन उतरला. तो वेळेत पोचला का, मला कळलं नाही. पोचला असू दे, असं त्या दिवशी मनात सारखं येत राहिलं.

एका गृहस्थांनी विचारलं, गाडी पुण्यावरून का नेत नाहीत? त्यांनाही तुम्ही उडवून लावलं नाहीत. ज्या गाड्या अजून मनमाडच्या मागे आहेत त्या दौंड-पुण्याकडून वळवता येतात. आपली गाडी मनमाड सोडून पुढे आली आहे, तिला मागे न्यायचं तर इंजिन दुसऱ्या टोकाला लावा, उलटा मार्ग मोकळा करा, त्यात सकाळ उलटून जाईल, असं तुम्ही समजावलंत. कारण कळलं की माणूस गप्प बसतो. त्या गृहस्थांनी मग स्वतःच शेजारच्यांना तेच समजावून सांगितलं.

मग अस्वली. उजाडलं तेव्हा कळलं की एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला ओला रिकामा फलाट आहे. चहाची टपरी कुठे दिसली नाही. खिडकीची झडप नीट बसत नव्हती, तिच्या फटीतून पाण्याची बारीक धार आईच्या पायांपाशी येत होती. तुमच्या ते लक्षात आलं. तुम्ही कुठूनतरी जुनं वर्तमानपत्र आणलंत, त्याची घट्ट घडी करून फटीत खोचलीत आणि झडप वरून दाबून बघितलीत. आईला म्हणालात, "पाय वर घ्या मावशी, गारठा बसेल."

मोबाइलवर गाडी बघणाऱ्यांची तर वेगळीच घालमेल चालली होती. आता किती उशीर झालाय ते तिथे दिसतं, पुढे किती होणार आहे ते दिसत नाही. प्रत्येक वेळी ठाण्याची नवी वेळ दाखवायची, आणि ती वेळ यायची तेव्हा आम्ही अस्वलीतच. तुम्ही घाटाचं गणित सांगितलं नसतंत तर आम्हीही त्याच आशेवर बसलो असतो. कसारा घाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर उंची. वर चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागतात. खाली उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासूनच तिला सोडतात. तीन लायनींवर चालणारं हे सगळं एकाच लायनीवर आलं, की एक गाडी उतरवायची आणि मग एक चढवायची. मी इतकी वर्षं या घाटातून जाते-येते, मागे लागणारी इंजिनं लहानपणापासून बघितलेली आहेत, पण एका लायनीने सगळा खेळ किती संथ होतो ते त्या सकाळी पहिल्यांदा समजलं. हा घाट १८६५ मध्ये रेल्वेला खुला झाला. तेव्हापासून दर पावसाळ्यात कुणी ना कुणी अशा रात्री काढल्या असणार.

आणि मग सात वाजायच्या सुमारास तुम्ही आलात. वही उघडली नाहीत, थेट आईकडेच आलात. मला म्हणालात, "कंट्रोलशी बोलणं झालंय. साडेआठच्या आत आपण इथून हलत नाही. नाश्ता इथेच करून घ्या."

हे तुमच्यासाठी एक वाक्य असेल. आमच्यासाठी ते काय होतं, तेच सांगायला हे पत्र लिहिते आहे. इन्सुलिन घेतलं आणि खाणं लांबलं तर साखर झपाझप उतरते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, माणूस भान हरपून पडतो. आईचं एकदा असं झालेलं आहे आणि तिचा तो चेहरा मी विसरलेले नाही. उलट, "आत्ता सुटेल, घरी जाऊनच घेऊ" म्हणून डोस आणि खाणं दोन्ही पुढे ढकलत गेलं तर साखर चढते, शिवाय रात्रीपासूनची उपाशी ती वेगळी. आमच्या डॉक्टरांनी बजावून ठेवलंय, खाणं समोर आलं की मगच सुई. अशा वेळी "पाच मिनिटांत सुटेल" हे धीराचे शब्द सगळ्यात घातक ठरतात, कारण त्या पाच मिनिटांवर माणूस औषधाचा हिशोब मांडतो. तुम्ही वेळ सांगितलीत म्हणून मी आईची साखर तपासली, दूध-पाव समोर ठेवला, डोस दिला आणि ती पोटभर खाईपर्यंत शेजारी बसले. इगतपुरीपर्यंत तिला काही म्हणजे काही झालं नाही.

दर तासाभराने तुम्ही डब्यातून एक फेरी मारत होतात, सांगायला काही नसलं तरी. "नवीन काही कळलेलं नाही. कळलं की येते." एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं. माझ्या मते हे सगळ्यात अवघड. काही हाती नसताना लोकांसमोर जायचं टाळणं किती सोपं असतं! तुमची फेरी ठरलेली होती म्हणून डब्यात कुणी उठून आरडाओरडा केला नाही. सहा-सात महिन्यांचं बाळ घेऊन एक बाई होती, तिच्यासाठी पुढच्या डब्यातल्या कुणाकडून तरी गरम पाणी आणलंत. कुणी चिवडा काढला, कुणी चार्जर दिला. रात्री खेकसलेले काका दुपारी आमच्याच केळ्यांचे वाटेकरी होते आणि तुमच्याशी अगदी घरच्यासारखे बोलत होते.

आई मात्र मराठवाड्याची. तिने तुम्हाला धरूनच ठेवलं. "लेकरा, सगळ्यांना विचारत फिरतीस, तू काही खाल्लंस का?" तुम्ही हसून टाळायला बघितलंत, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नाही. चटणी लावलेली अर्धी दशमी तुम्ही उभ्याउभ्याच खाल्लीत. मनमाडपासून तुम्ही बसलेल्या कुणाला दिसला नव्हतात.

घाट उतरताना पावसात रेनकोट घालून फावड्यांनी चिखल ओढणारी माणसं दिसली. गाडी त्यांच्या अगदी शेजारून सरकत होती. त्या गँगमन लोकांचे आभार मानायला तर खाली उतरताही आलं नाही. हे पत्र त्यांच्यापैकी कुणी वाचलं तर त्यांनाही आमचा मनापासून नमस्कार.

कसाऱ्यानंतर घाई करायची नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतंत. वेळ हुकलेल्या गाडीला कल्याणपर्यंत लोकलच्या मधूनच जागा काढावी लागते, तेव्हा उतारानंतर आणखी तास-दीड तास धरा. मी भावाला तसंच कळवलं. तो कामावर जाऊन आला आणि बरोबर वेळेला ठाण्याच्या फलाटावर होता, पहाटेपासून ताटकळत उभा राहिला नाही. चाकाच्या खुर्चीसाठी १३९ वर फोन करायलाही तुम्हीच सांगितलंत, आणि पारसिकचा बोगदा आला की सामान घेऊन दाराशी या, असंही. ठाण्यात गाडी थांबते ती जेमतेम दोन-तीन मिनिटं. एका हाताला मी, दुसऱ्या हाताला तुम्ही, अशी आई उतरली. खुर्ची आलेली होती. तुमचा हात हातात घेऊन ती काहीतरी बोलत होती, तेवढ्यात गाडी हलली. तुम्हाला पुढे मुंबईपर्यंत जायचं होतं.

तेव्हा नीट आभार मानायचे राहिले, ते आज मानते आहे. तुम्ही जे केलंत ते सविस्तर लिहून रेल्वेच्या कार्यालयाकडेही पाठवलं आहे, गाडीची तारीख आणि डबा यांच्यासह. कारण तक्रारी पोचतात, कौतुक वाटेतच राहतं, आणि तुमच्या वरिष्ठांना हे माहीत असायलाच हवं. तुमच्यासारखं स्पष्ट सांगायला नव्याने लागणाऱ्या टीसींना शिकवलं जावं, अशी विनंतीही त्यात केली आहे.

आईची साखर आता आटोक्यात आहे. गुडघ्याचे व्यायाम ती कुरकुरत का होईना, करते. दिवाळीला ती परत परभणीला जाईल. तोवर ती खारेगावातच आहे आणि तुमची आठवण काढते. ठाण्याकडे येणं झालं तर एकदा जेवायला नक्की या. तिचा हा निरोप आहे, आणि माझंही आग्रहाचं बोलावणं समजा.

तुमची,
खालच्या बर्थवरच्या मावशींची मुलगी
खारेगाव, कळवा