मारबतीच्या रात्री लिहिलेलं पत्र

प्रिय पक्या,

फोनवर तू म्हणालास ना बे, चांगलं-वाईट असं काही नसतंच, ज्याची त्याची नजर असते, तेव्हा मी गप्प बसलो, पण आठ दिवस झाले तेच डोक्यात घोळून राहिलंय, म्हणून आज लिहूनच टाकतो.

तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे. जूनमध्ये मानेवाडा रोडवर आमच्या शेजारच्या काकूंच्या मोठ्या पोट्ट्याने तर्री-पोह्याच्या ठेल्याला गाडी ठोकली. वय सोळा. पोहेवाल्याच्या पायाचं हाड मोडलं, उकळती तर्री हातावर सांडली, आणि हा गाडी उचलून पळाला. मी समोरच होतो. पोहेवाल्याला ऑटोत घालून सरकारी मेडिकल हॉस्पिटलला नेलं आणि पोलिसांनी विचारलं तेव्हा पोराचं नावही मीच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन पोराने गाडीवर गुन्हा केला की पालकावरही केस होते, २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, हे मला नंतर कळलं. आईच्या ऑपरेशनच्या वेळी ज्या काकूंनी महिनाभर डबा दिला त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तू आमचं घर बुडवलं रे." आणि पोहेवाल्याची बायको माझ्या पाया पडायला आली. काम एकच. म्हणजे तुझंच खरं झालं की.

आज नागपूरच्या इतवारीत मारबत बघायला गेलो होतो, गावातली पीडा बाहेर घालवायला दरवर्षी पुतळ्यांची मिरवणूक निघते ना, ती. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणून सगळे ओरडत होते, मी पण ओरडलो. काळी मारबत १८८१ पासून निघते, तो पुतळा भोसल्यांच्या राणी बांकाबाईचा म्हणतात, ती इंग्रजांना मिळाली म्हणून. पण बघ, १८५३ मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले बिनवारस गेले, दुसऱ्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं, भोसल्यांचे दागिनेसुद्धा लिलावात निघाले, आणि ती म्हातारी हे सगळं बघत होती. १८५७ ला तिने घरच्यांना इंग्रजांविरुद्ध उठू दिलं नाही. तिच्या जागी बसून बघितलं तर ती उरलंसुरलं घर वाचवत होती. जे लढायला तयार होते त्यांच्यासाठी तो दगाच. इथपर्यंत तुझं मला पटतं.

पुढे नाही पटत. बांकाबाई वाईट की लाचार यावर लोक भांडतील, पण नागपूरचं राज्य गेलं यावर कुणी भांडत नाही. काकूही पाय मोडला हे नाकारत नाहीत. नजर बदलली की करणाऱ्याबद्दलचं मत बदलतं रे, ज्याच्यावर गुदरलं त्याचं दुखणं तेवढंच राहतं. त्याचा ठेला अजून बंद आहे, रोज पहाटे उठून कमावणारा माणूस तो, बायको आता दोन घरची धुणीभांडी करून राहिली. आधी त्याला विचारू ना, मग नजरेचं बघू.

लहानपणी बाबांसोबत दीक्षाभूमीला जायचो, तिथे एकदा एका भंतेजींनी सांगितलं होतं की बुद्ध हेतूलाच कर्म म्हणतात. तेव्हा डोक्यावरून गेलं. आता कळतं, धडक त्या पोट्ट्याच्या मनात नव्हती, तिचा मला राग नाही, पण पळून जाणं त्याने ठरवलं. हीच मोजपट्टी स्वतःला लावली तर मीही पूर्ण सुटत नाही पक्या. तो रात्री गल्लीत गाडी पळवायचा त्याचा राग माझ्या मनात होता आणि नाव सांगताना तो राग पण बोलला. मी आधी काकूंकडे जाऊन, चला, पोराला घेऊन आपणच ठाण्यात जाऊ, असं म्हणू शकलो असतो. ते मी केलं नाही, आणि हे कुणाच्याही बाजूने बघितलं तरी मला चूकच वाटतं.

आज पोरांचा तान्हा पोळा पण होता. काकूंचा धाकटा दरवर्षी लाकडी नंदी घेऊन सगळ्यात आधी आमच्याकडे बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायला येतो. यंदा आला नाही. त्याचे पन्नास रुपये वेगळे काढून ठेवलेत, उद्या संध्याकाळी मीच घेऊन जातो. काकू दार उघडतात का ते कळवतो तुला.

तुझा,
बंड्या