फेकीचा आकडाही छापा

संपादक महोदय,

२०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिल यांनी एफ-६४ गटात (गुडघ्याखाली कृत्रिम पाय लावून फेकणाऱ्यांच्या) ७०.५९ मीटर भाला फेकून सुवर्णपदक राखलं. मी वाचलेल्या बातम्यांत ज्यात पाय गेला तो त्यांचा अपघात सविस्तर होता, फेक मात्र शोधावी लागली.

मीही गुडघ्याखाली एक पाय नसलेली धावपटू, टी-६४ मध्ये, म्हणजे तशाच धावपटूंच्या गटात, पळते. आमची खरी झुंज सॉकेटशी, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या खोबणीशी. घामानं लायनर (आतलं मऊ आवरण) सरकतो, दुपारपर्यंत उरलेला पाय आक्रसतो, मग मोज्यावर मोजा चढवायचा. ब्लेडला, म्हणजे पळण्याच्या वाकड्या पात्यासारख्या पायाला, टाच नसते, त्यामुळे शर्यतीआधी स्वस्थ उभंही राहवत नाही. हे कुणी विचारतच नाही! (कौतुक नकोय असं नाही.) वेळ, वाऱ्याचा वेग, गट छापा. पाय कसा गेला, ते शेवटच्या ओळीत आलं तरी चालेल.

– एक धावपटू